मधुमेह, हृदयरोग आणि अ‍ॅस्पिरिनची रोजची अल्प मात्रा : एक आढावा

प्रास्ताविक

मधुमेही व्यक्तीच्या औषधांच्या डब्यात शुगरच्या गोळ्यांबरोबर ७५ मिलिग्रॅमची एक लहानशी गोळी पुष्कळदा आढळते. 'रक्त पातळ करण्याची गोळी' या नावाने ती घरोघरी परिचित आहे. ती अ‍ॅस्पिरिनची असते. काहींना ती हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी सुरू करून दिलेली असते, काहींना केवळ मधुमेह आहे म्हणून. काहीजण मात्र शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या सांगण्यावरून ती स्वतःच घेऊ लागलेले असतात. गोळी तीच असली तरी या तिन्ही परिस्थिती वैद्यकीयदृष्ट्या अगदी भिन्न आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ११.४ टक्के असून गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. त्यामुळे हा प्रश्न बहुतेक प्रत्येक कुटुंबाशी निगडित आहे. महाविद्यालयीन शिक्षकांकडे विद्यार्थी, पालक व आप्तेष्ट अशा बाबतीत विश्वासाने विचारणा करतात. म्हणून गेल्या काही दशकांत या गोळीविषयीचे वैद्यकीय मत कसे बदलत गेले आणि का बदलले, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

अ‍ॅस्पिरिनची पूर्वपीठिका

विलो वृक्षाच्या सालीतील ज्वरनाशक गुणाविषयी एडवर्ड स्टोन या इंग्लंडमधील धर्मगुरूने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये ते 'अ‍ॅस्पिरिन' या नावाने बाजारात आले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ते केवळ ताप, डोकेदुखी व सांधेदुखी यांवरचे औषध होते.

हृदयाशी त्याचा संबंध प्रथम जोडला तो कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन या डॉक्टरांनी. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी व्हाव्यात म्हणून रुग्ण अ‍ॅस्पिरिन असलेला च्युइंगगम चघळत आणि अशा रुग्णांना रक्तस्राव अधिक होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. रक्त गोठण्यास जे औषध विरोध करते ते हृदयाच्या धमनीतील गुठळीही रोखू शकेल, असा तर्क त्यांनी केला आणि आपल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देण्यास प्रारंभ केला. १९५० च्या दशकात त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. परंतु तुलनेसाठी औषध न घेणारा गट नसल्याने त्यांस शास्त्रीय पुराव्याचे मोल आले नाही. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अ‍ॅस्पिरिनचा फायदा आणि त्याचा धोका हे दोन्ही एकाच गुणधर्मातून निर्माण होतात. पुढील सर्व संशोधन याच दोन बाजूंच्या मोजमापाचे आहे.

औषधाचे कार्य

हृदयविकाराचा झटका बहुधा पुढीलप्रमाणे येतो. धमनीच्या आतील बाजूस साचलेल्या चरबीच्या थराला तडा जातो. जखम झाली असे समजून रक्तातील प्लेटलेट्स तेथे गोळा होतात व परस्परांना चिकटतात. त्यातून गुठळी तयार होते, धमनी बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूच्या धमनीत असे घडल्यास पक्षाघात होतो.

प्लेटलेट्सना एकत्र बोलावणारे एक रसायन म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन. ते सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या साहाय्याने तयार होते. अ‍ॅस्पिरिन हे विकर कायमचे निकामी करते. प्लेटलेटला पेशीकेंद्र नसल्याने ती नवे विकर बनवू शकत नाही. तिचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असते आणि एकदा अ‍ॅस्पिरिनच्या संपर्कात आलेली प्लेटलेट तेवढे दिवस दुर्बळच राहते. रक्तातील अ‍ॅस्पिरिन अर्ध्या तासाच्या आत बव्हंशी नाहीसे होते, तरीही दिवसातून एक अल्प मात्रा पुरते, याचे कारण हेच. अ‍ॅस्पिरिनच्या कार्याचा हा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. प्रोस्टाग्लँडिन व तत्सम रसायनांवरील संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक अन्य दोन शास्त्रज्ञांसह देण्यात आले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त खऱ्या अर्थाने 'पातळ' होत नाही. केवळ प्लेटलेट्सची चिकटण्याची शक्ती कमी होते. दुसरी, हेच विकर जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्सही तयार करते. ते निकामी झाले की जठराला व्रण पडण्याचा संभव वाढतो आणि त्या व्रणातून वाहणारे रक्त थांबवण्यास प्लेटलेट्स पूर्ण शक्तीने येत नाहीत. अशी दुहेरी हानी संभवते.

सर्व मधुमेहींना अ‍ॅस्पिरिन : या विचाराचा उगम

ज्यांना हृदयविकार जडलेला आहे त्यांच्या बाबतीत अ‍ॅस्पिरिनचे मोल निर्विवाद सिद्ध झाले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. झटक्यानंतर तातडीने अ‍ॅस्पिरिन सुरू करून महिनाभर दिल्यास पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटतात, असे तीत दिसून आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील अभ्यासाचा अंतिम अहवाल आला. या निरोगी डॉक्टरांमध्ये दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी कमी आले होते.

याच सुमारास मधुमेहाविषयी एक प्रभावी विचार पुढे आला. फिनलंडमधील एका अभ्यासात पूर्वी कधीही झटका न आलेल्या मधुमेहींपैकी २०.२ टक्क्यांना सात वर्षांत झटका आला. तर पूर्वी झटका येऊन गेलेल्या, पण मधुमेह नसलेल्यांपैकी १८.८ टक्क्यांना पुन्हा झटका आला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांवरून मधुमेह म्हणजे हृदयविकाराचीच बरोबरी, असे समीकरण रूढ झाले. हृदयरुग्णांना अ‍ॅस्पिरिन उपयुक्त आहे, मधुमेही हे हृदयरुग्णांसारखेच आहेत, म्हणून मधुमेहींनाही ते द्यावे, असा हा सरळ युक्तिवाद होता. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही त्या काळात चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच मधुमेहींसाठी अ‍ॅस्पिरिनची शिफारस केली होती.

युक्तिवाद तर्काला धरून होता, पण त्याचे दुसरे विधान डळमळीत होते. २००९ मध्ये १३ अभ्यासांतील सुमारे ४५ हजार व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. झटका न आलेल्या मधुमेहींचा धोका हा झटका येऊन गेलेल्या बिगर-मधुमेहींपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका निश्चित वाढतो. परंतु प्रत्येक मधुमेही हृदयरुग्ण नसतो.

प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्ष

केवळ मधुमेहींवर केलेल्या दोन चाचण्या २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जपानमधील चाचणीत २,५३९ मधुमेही होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या गटात ६८ आणि न घेणाऱ्या गटात ८६ जणांना हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार उद्भवले. हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्रीय निकषांवर म्हणता आले नाही. स्कॉटलंडमधील चाचणीत १,२७६ मधुमेही होते. तेथे अ‍ॅस्पिरिनच्या गटात ११६ आणि दुसऱ्या गटात ११७ जणांना त्रास झाला, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. मात्र दोन्ही चाचण्या लहान असल्याने अंतिम निर्णय देणे शक्य नव्हते.

तो निर्णय मोठ्या प्रमाणात 'असेंड' या चाचणीने दिला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ब्रिटनमध्ये आयोजित केलेल्या या चाचणीत हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींना सहभागी करून घेण्यात आले. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. सरासरी ७.४ वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ८.५ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी ९.६ टक्क्यांना हृदय व रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. म्हणजेच फायदा झाला आणि तो खरा होता. मात्र गंभीर रक्तस्राव अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४.१ टक्क्यांना व न घेणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना झाला. अ‍ॅस्पिरिनमुळे पचनसंस्थेच्या कर्करोगाला आळा बसेल अशीही आशा होती. या कालावधीत तसा कोणताही फरक आढळला नाही.

टक्केवारीचा अर्थ

या आकड्यांचे वाचन कसे करावे, हा शिक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा भाग आहे. 'असेंड'चा निष्कर्ष 'अ‍ॅस्पिरिनमुळे धोका १२ टक्क्यांनी घटतो' असा मांडता येतो. 'अ‍ॅस्पिरिनमुळे गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढतो' असाही तो मांडता येतो. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. ही सापेक्ष टक्केवारी झाली. ती मुळात किती लोकांना लागू होते, हे तिच्यातून कळत नाही.

त्याऐवजी एक हजार मधुमेहींचा विचार करावा. साडेसात वर्षांच्या आसपास त्यांपैकी ९६ जणांना गंभीर त्रास होणार होता. अ‍ॅस्पिरिनमुळे ती संख्या ८५ वर आली, म्हणजे ११ जण वाचले. त्याच काळात गंभीर रक्तस्राव ३२ जणांना होणार होता; तो ४१ जणांना झाला, म्हणजे ९ जणांची भर पडली. एकीकडे ११, दुसरीकडे ९. उरलेल्या सुमारे ९८० जणांनी रोज गोळी घेतली, पण तिने त्यांचे भले केले नाही की बुरे केले नाही.

हृदयरुग्णांचे गणित याहून वेगळे आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात हृदयविकार वा पक्षाघात येऊन गेलेल्यांमध्ये गंभीर त्रासाचे वार्षिक प्रमाण अ‍ॅस्पिरिनमुळे ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आले. म्हणजे दर हजारी दर वर्षी १५ जण वाचले. त्याच विश्लेषणात असा विकार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण ०.५७ वरून ०.५१ टक्क्यावर आले, म्हणजे दर दहा हजारी केवळ ६ जण. सापेक्ष घट दोन्हीकडे फारशी वेगळी नाही. मूळ धोकाच लहान असल्याने दुसऱ्या गटात प्रत्यक्ष लाभ अत्यल्प राहतो. रक्तस्रावाचा धोका मात्र दोन्हीकडे असतोच.

ज्या मधुमेहींचा हृदयविकाराचा धोका जास्त आहे, निदान त्यांना तरी अ‍ॅस्पिरिनचा निव्वळ फायदा व्हावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ज्यांचा हृदयविकाराचा धोका अधिक होता त्यांचा रक्तस्रावाचा धोकाही अधिक होता, असे 'असेंड'मध्ये दिसून आले. वाढते वय, उच्च रक्तदाब व धूम्रपान ही कारणे दोन्हींकडे समान आहेत.

जुन्या व नव्या निष्कर्षांतील फरक

१९८९ मधील डॉक्टरांच्या अभ्यासात मोठा लाभ दिसला आणि २०१८ मध्ये तो अल्प ठरला, याचे एक संभाव्य कारण काळाच्या बदलात आहे. पूर्वी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे सर्रास वापरात नव्हती. 'असेंड'मधील सुमारे तीन चतुर्थांश व्यक्ती स्टॅटिन घेत होत्या. चरबीचा थर स्थिर राहिला की त्याला तडा जाण्याचे प्रसंग कमी होतात आणि अ‍ॅस्पिरिनला करण्यासारखे काम कमी उरते.

भारताशी थेट संबंधित असा एक अभ्यास म्हणजे 'टिप्स-३'. त्यातील ५,७१३ सहभागी व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्या भारतातील होत्या. ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४.१ टक्क्यांना व न घेणाऱ्यांपैकी ४.७ टक्क्यांना गंभीर त्रास झाला. केवळ अ‍ॅस्पिरिनचा हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. रक्तदाबाची औषधे व स्टॅटिन एकत्र असलेल्या गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिन दिल्यावर मात्र लाभ स्पष्ट दिसला.

वृद्धांच्या बाबतीत अधिक सावध करणारा पुरावा 'ॲस्प्री' चाचणीतून मिळाला. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ वृद्धांवरील या अभ्यासात, ज्यात बहुसंख्य सत्तर वा अधिक वयाचे होते, अ‍ॅस्पिरिनमुळे हृदयविकार लक्षणीय प्रमाणात टळला नाही आणि गंभीर रक्तस्राव २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेला. हे निष्कर्षही २०१८ मध्येच प्रसिद्ध झाले.

सद्यःस्थितीतील वैद्यकीय शिफारशी

उपरोक्त संशोधनाच्या आधारे आजचे मार्गदर्शन ढोबळमानाने पुढीलप्रमाणे आहे.

१. ज्या मधुमेहीला हृदयविकाराचा झटका किंवा गुठळीमुळे पक्षाघात येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्याच्यासाठी अ‍ॅस्पिरिन हे सामान्यतः आवश्यक औषध आहे. प्रत्येकासाठी योग्य औषध त्याचे डॉक्टर ठरवतात. काहींना अ‍ॅस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल दिले जाते.

२. ज्याला असा कोणताही विकार नाही, परंतु मधुमेहाबरोबर इतर धोके आहेत व रक्तस्रावाचा संभव कमी आहे, त्याच्या बाबतीत लाभ-हानी समजावून सांगून डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सुचवते.

३. सत्तरी ओलांडलेल्या व हृदयविकार नसलेल्या मधुमेहींमध्ये अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करण्यात सामान्यतः लाभापेक्षा धोका अधिक आहे. सर्वसाधारण लोकसंख्येबाबत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये ही मर्यादा साठ वर्षांवर आणली.

४. ज्याला पूर्वी जठरव्रण वा रक्तस्राव झाला आहे, रक्तक्षय वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार आहे, किंवा जो रक्त गोठू न देणारी अन्य औषधे घेतो, त्याचा रक्तस्रावाचा धोका मुळातच वाढलेला असतो.

मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडलेले असल्यास अ‍ॅस्पिरिनने डोळ्यात रक्तस्राव होईल, अशी भीती अनेकांना वाटते. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत ३,७११ मधुमेहींवर रोज ६५० मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा देऊन झालेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. 'असेंड'मध्येही दृष्टीला धोका पोहोचवणाऱ्या रक्तस्रावात लक्षणीय वाढ दिसली नाही.

व्यवहारातील काही दक्षता

या विषयात दोन चुका परस्परविरुद्ध दिशांनी घडतात. निरोगी मधुमेही सल्ल्याविना गोळी सुरू करतो, ही पहिली. 'अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही' असे कुठेतरी वाचून स्टेंट बसवलेला रुग्ण ती बंद करतो, ही दुसरी. पैकी दुसरी चूक अधिक घातक आहे. स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या नोंदींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात गोळी थांबवणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या त्रासाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी अधिक आढळले. दात काढणे वा लहानसहान शस्त्रक्रिया यांसाठीही रुग्णाने गोळी स्वतःहून थांबवू नये. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

मात्रा वाढवल्याने संरक्षण वाढते, हा समजही निराधार आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५,०७६ हृदयरुग्णांवरील चाचणीत ८१ आणि ३२५ मिलिग्रॅम या मात्रांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. जठरात न विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळीमुळे रक्तस्रावाचा धोका पूर्णपणे टळतो, असेही नाही. कारण हानी केवळ जठरातील स्पर्शामुळे नव्हे, तर रक्तावाटेही होते. धोका अधिक असल्यास डॉक्टर जठरातील आम्ल कमी करणारे औषध सोबत देतात.

आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन व स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असलेली औषधे सर्रास दिली जातात. त्यामुळे आपण अ‍ॅस्पिरिन घेतो हेच रुग्णाला ठाऊक नसते. औषधाच्या पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत. अंगदुखीसाठी वारंवार आयब्युप्रोफेन घेतल्यास अ‍ॅस्पिरिनच्या कार्यात अडथळा येतो आणि जठराची हानीही वाढते. पावसाळ्यात ताप आला असता आपण अ‍ॅस्पिरिन घेतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे; डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स घटतात व अशा वेळी अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, अकारण थकवा किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांकडे दुर्लक्ष करू नये.

अ‍ॅस्पिरिनपेक्षा निश्चित उपाय

अ‍ॅस्पिरिनच्या चर्चेत अधिक खात्रीचे उपाय मागे पडतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कार्ड्स' चाचणीत २,८३८ मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. स्टॅटिनमुळे हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे विकार ३७ टक्क्यांनी घटले आणि गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. ब्रिटनमधील मधुमेह अभ्यासात १९९८ मध्ये दिसून आले की, रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास मधुमेहींमधील पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी होतात. रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण, तंबाखू व विडी-सिगारेट यांचा पूर्ण त्याग आणि रोजचे चालणे यांची जागा अ‍ॅस्पिरिन घेऊ शकत नाही.

समारोप

अ‍ॅस्पिरिन चांगले की वाईट, असा प्रश्नच मुळात सदोष आहे. ज्याच्या हृदयाला वा मेंदूला गुठळीचा आघात झालेला आहे, त्याला ते पुढील आघातापासून वाचवते. ज्याला तसा आघात झालेला नाही, अशा मधुमेहीच्या बाबतीत वाचणारे व रक्तस्रावाने त्रस्त होणारे जवळजवळ सारखेच असतात. म्हणून केवळ मधुमेह आहे एवढ्या कारणावरून ही गोळी सुरू करू नये आणि केवळ नवे संशोधन वाचले एवढ्या कारणावरून ती बंदही करू नये. 'ही गोळी मला कशासाठी दिली आहे?' हा साधा प्रश्न प्रत्येक मधुमेहीने आपल्या डॉक्टरांना विचारावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सापेक्ष व प्रत्यक्ष टक्केवारीतील भेद या एका उदाहरणावरून समजावून दिला, तर औषधांविषयीच्या इतर अनेक दाव्यांची पारख त्यांना स्वतःच करता येईल.